मुलींच्या वाट्याचं पाणी

श्रीगोंद्याहून समुद्र गाठायचा तर सह्याद्री ओलांडून दोनशेहून अधिक किलोमीटर जावं लागतं. इथलं पाणी म्हणजे कुकडीचं आवर्तन, घोडचा कालवा, दक्षिणेला भीमेचं पात्र, विसापूरचा ब्रिटिशकालीन तलाव आणि अलीकडं शिवारभर झालेली शेततळी. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आवर्तन कधी सुटणार आणि ते टेलच्या गावापर्यंत पोचणार का, यावर जिथं सभा गाजतात, तिथं बसून लाटांवर उभ्या राहणाऱ्या मुलींविषयी लिहिणं काहींना विषय सोडून वाटेल. मला मात्र हा विषय श्रीगोंद्याचाच वाटतो, आणि तो का, ते सविस्तर सांगायला हवं.

जपानमधल्या आयची-नागोया इथल्या २०२६ च्या आशियाई स्पर्धांच्या कार्यक्रमात सर्फिंगचा पहिल्यांदाच समावेश झाला. त्याआधी २०२४ मध्ये मालदीवला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि तिथं भारताच्या चौघांच्या चमूनं सांघिक रौप्यपदक मिळवलं. चौघांत तीन पुरुष होते आणि एक मुलगी, तामिळनाडूतल्या महाबलीपुरमची कमली मूर्ती. लहानपणी फ्रॉक घालून, अनवाणी पायांनी स्केटबोर्ड चालवतानाचं तिचं छायाचित्र जगभर फिरलं होतं. तिच्यावर आणि तिला एकटीनं वाढवणाऱ्या तिच्या आईवर झालेला लघुपट पुढं बाफ्ताच्या नामांकनापर्यंत गेला. कोळीवाड्याच्या काठावर वाढलेली ही मुलगी आज देशाच्या वतीनं समुद्रात उतरते.

मराठी वर्तमानपत्रांनी ही बातमी क्रीडा पानाच्या कोपऱ्यात छापली असेल, पण तिच्यामागचा प्रश्न खेळाहून मोठा आहे. आपल्याकडं बाईचं आणि पाण्याचं नातं हजारो वर्षांचं आहे. ते आणण्याचं, साठवण्याचं, गाळण्याचं, पुरवण्याचं आणि धुण्याचं नातं आहे. काहीही काम नसताना, निव्वळ आनंदासाठी पाण्यात उतरायची मुभा तिला किती पिढ्यांत आणि किती वर्षं होती? लाटेवर उभी असलेली मुलगी या प्रश्नाचं फार पुढचं उत्तर आहे. श्रीगोंद्यातल्या मुलीला अजून पहिलं उत्तरही मिळालेलं नाही.

आधी पांगाऱ्याविषयी बोलू. हा काटेरी वृक्ष सगळ्यांच्या ओळखीचा. पानं गळून गेल्यावर लालभडक फुलांनी पेटतो, पानमळ्यात वेलीला आधार म्हणून लावतात, कुंपणालाही चालतो. याचं लाकूड इमारतीच्या उपयोगाचं नाही. ते मऊ, सच्छिद्र आणि वाळल्यावर इतकं हलकं होतं की हातभर जाडीचा ओंडका पोरगंसुद्धा खांद्यावर टाकून नेतं. म्हणूनच आपल्या भागात पोहायला शिकवताना पांगाऱ्याचे वाळके तुकडे दोरीनं बांधून पाठीला किंवा पोटाखाली देत. कुणी वाळका भोपळा बांधे, कुणी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, नंतरच्या काळात ट्रकची ट्यूब आली. उन्हाळ्याची सुट्टी लागली की बाप, चुलता नाही तर मोठा भाऊ पोराला विहिरीवर नेई, लाकूड बांधे आणि थारोळ्यावरून ढकलून देई. चार दिवस गटांगळ्या, आठव्या दिवशी एक ओंडका कमी, पंधराव्या दिवशी पोरगा मोकळा. मग सूर, मुटका, बुडी मारून तळाची वाळू वर आणायची पैज. या शिकवणीला ना फी होती ना प्रमाणपत्र, आणि महाराष्ट्रातल्या कोरडवाहू गावांनी अशीच पिढ्यान् पिढ्या पोहणारी माणसं घडवली.

आता प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर जाऊ, जिथं लाटांवर स्वार होण्याचा खेळ राजघराण्यापासून सामान्यांपर्यंत सगळ्यांचा होता. तिथल्या सर्वांत लांब, थोरामोठ्यांसाठी राखलेल्या फळ्या विलीविली नावाच्या झाडाच्या लाकडाच्या असत. विलीविली हा आपल्या पांगाऱ्याचा सख्खा भाऊबंद आहे. दोघांचीही वनस्पतिशास्त्रातली प्रजाती एकच, एरिथ्रिना. तसाच काटेरी, तसाच हलका. जगाच्या दोन टोकांना राहणाऱ्या, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या माणसांना हे लाकूड तरंगतं आणि माणसालाही तरंगवतं, हे स्वतंत्रपणे उमगलं होतं. लाकूड दोन्हीकडं सारखंच होतं. त्यावर कोण बसणार, हे मात्र दोन्हीकडं वेगळं ठरलं.

हवाईतला जुना समाज बरोबरीचा नव्हता. तिथं कापू नावाचे कडक निर्बंध होते. बायका आणि पुरुष एका पंगतीला जेवू शकत नसत, काही पदार्थ बायकांना वर्ज्य होते. १८१९ मध्ये राणी काआहुमानूच्या पुढाकारानं हा जेवणाचा निर्बंध मोडला गेला. पण त्याही आधी, जेव्हा एका चटईवर जेवणं निषिद्ध होतं, तेव्हासुद्धा एका लाटेवर बाई आणि पुरुष बरोबरीनं येत असत. काआहुमानू स्वतः लाटांवर स्वार होण्यात तरबेज होती. जातीसारख्या उतरंडी असलेल्या समाजानंही समुद्राचं पाणी बाईला मोकळं ठेवलं होतं, हे आपण लक्षात घेतलं पाहिजे, कारण 'परंपरा' म्हटलं की ती सगळीकडं बाईला काठावरच उभी करते असा आपला समज असतो.

१८२० मध्ये तिथं मिशनरी आले. अंगभर कपडे, वेळेची शिस्त आणि स्त्री-पुरुषांच्या एकत्र खेळण्याबद्दलची नाराजी त्यांच्याबरोबर आली. त्याहून मोठा घाव बाहेरून आलेल्या रोगांनी घातला आणि बेटांवरची माणसंच झपाट्यानं कमी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ मोजक्या हातांत उरला. त्या हातांत राजकन्या काईउलानीचेही होते. विसाव्या शतकात खेळ पुन्हा उभा राहिला तो ड्यूक काहानामोकूसारख्या हवाईयन जलतरणपटूमुळं. १९१५ च्या जानेवारीत सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर ड्यूकनं प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा फळीवर बरोबर घ्यायला त्यानं इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीला निवडलं. रहस्यकथांमुळं आपल्याकडंही घराघरांत पोचलेल्या अगाथा ख्रिस्ती १९२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणि नंतर हवाईत या खेळाच्या नादी लागल्या होत्या.

पुढं मात्र खेळाचा बाजार झाला. फळ्या, कपडे, चित्रपट, जाहिराती आल्या आणि त्यांत बाई दिसू लागली ती बहुतेक वेळा किनाऱ्यावर पहुडलेली. लाटेवर उत्तम असलेल्या कित्येकींना प्रायोजक मिळाले नाहीत, कारण जाहिरातीला हवा तसा चेहरा आणि बांधा त्यांच्याकडं नव्हता. बक्षिसाची रक्कम वर्षानुवर्षं पुरुषांपेक्षा कमी. जागतिक व्यावसायिक मालिकेत स्त्री-पुरुषांना समान बक्षीस मिळायला २०१९ साल उजाडलं. टोकियोत सर्फिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा महिलांचं सुवर्ण हवाईच्याच करिसा मूरनं जिंकलं. काआहुमानूपासून करिसापर्यंतच्या दोनशे वर्षांत बाईचं पाणी आधी होतं, मग गेलं आणि मग झगडून परत मिळवावं लागलं.

आपल्याकडं काय होतं? सातवाहनांच्या काळातली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्याच मातीतली. तिच्यातल्या बायका गोदेच्या पाण्याशी मोकळेपणानं वागतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं, मानसोल्लास हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या क्रीडांच्या मालिकेत सलिलक्रीडेलाही जागा आहे आणि ती राजानं अंतःपुरातल्या स्त्रियांसह करायची आहे. ही सुखं दरबाराची होती, शेतात राबणाऱ्या बाईची नव्हेत, आणि त्यातही बाई राजाच्या मनोरंजनाचा भाग होती. तेव्हा तिथं सुवर्णयुग शोधायला मी जाणार नाही. इतकंच म्हणेन की बाईनं पाण्यात खेळणं संस्कृतीला मंजूर नाही, हा दावा आपल्या जुन्या ग्रंथांच्या आधारानं कुणी करू नये. ते ग्रंथ त्याच्या बाजूनं साक्ष देणार नाहीत.

सामान्य बाईचा पाण्याशी संबंध आला तो घागर, चुंबळ, पोहरा आणि रहाट यांच्यातून. पेडगावच्या भुईकोट किल्ल्यात, जो बहादूरगड म्हणून इतिहासात आहे, भीमेचं पाणी वर खेचण्यासाठी उभारलेल्या हत्तीमोटेचे अवशेष आहेत. किल्ल्याला पाणी पुरवायला सत्तेनं हत्ती लावले. गावातल्या घराला पाणी पुरवायला बाईची मान आणि कंबर पुरेशी मानली गेली. आपल्याच जिल्ह्यातल्या चोंडीला ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या अहिल्याबाईंनी विहिरी, बारव, कुंड आणि नदीवरचे घाट देशभर बांधले, आणि आता जिल्हाच त्यांच्या नावाचा झाला आहे. पाण्याची सोय करणारी एवढी मोठी राज्यकर्ती या मातीत जन्मली. त्या मातीतल्या किती मुलींना त्या विहिरींत पोहता येतं, हा प्रश्न विचारायचा अधिकार तिच्या नावानंच आपल्याला दिला आहे.

पाण्यावरचा पहारा फक्त बाईपुरता नव्हता. पोरांच्या ज्या विहिरींचं वर्णन मी वर केलं, त्या सगळ्या पोरांना खुल्या नव्हत्या. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी मोकळा केला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं. जिथं पिण्याचा हक्क मिळवायला सत्याग्रह करावा लागला, तिथं पोहण्याची गोष्ट दूरच होती. दलित मुलीवर जातीचा आणि बाईपणाचा असे दोन पहारे होते. गावात मुलींसाठी पोहण्याची सोय करायची म्हटलं तर ती कुणाच्या विहिरीवर, कुणाच्या वस्तीजवळ आणि कोणकोणत्या मुलींसाठी, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट ठरवावं लागेल.

आणि मग १९७२. आमच्या भागात त्या सालाचं नाव घेतलं की म्हातारी माणसं आजही गप्प होतात. दुष्काळी कामांवर नवऱ्याच्या बरोबरीनं, कितीतरी ठिकाणी नवऱ्याशिवाय, बायका आल्या. खडी फोडली, पाट्या वाहिल्या, पाझर तलावांचे आणि नालाबांधांचे भराव उचलले. सुकडी खाऊन दिवस काढले. त्या अनुभवातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढं देशानं तिचं अनुकरण केलं. आज आपल्या शिवारात जे पाझर तलाव भरतात, त्यांच्या भरावात आपल्या आज्यांच्या डोक्यावरची माती आहे. तलाव बांधले बायकांनी आणि पहिल्या पावसानंतर त्यांत उड्या मारल्या त्यांच्या मुलग्यांनी. मुली काठावर कपडे धूत बसल्या. इतका उघड अन्याय इतकी वर्षं आपल्या डोळ्यांसमोर असून आपल्याला दिसला नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मुलीला पाण्यापासून दूर ठेवताना घरोघरी जी कारणं दिली जातात ती आपल्या पाठ आहेत. मोठी झाली आता. कपडे अंगाला चिकटतात. उन्हानं काळी पडेल, मग लग्नाला अडचण. विहिरीवर पोरं असतात. पाळी आली की पाण्यात कशाला. शिकून करायचंय काय? यातलं एकेक कारण जगात कुठं ना कुठं मुलींनीच खोटं पाडलं आहे. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर नसीमा अख्तर ही गरीब घरातली मुलगी सलवार-कमीज घालून लाटांवर उभी राहिली, लोकांची बोलणी ऐकत राहिली आणि तिच्यामागून त्या किनाऱ्यावर मुलींची रांग लागली. श्रीलंकेत अरुगम बे इथं स्थानिक बायकांनी २०१८ मध्ये आपला स्वतंत्र सर्फ क्लब काढला. इराणच्या बलुचिस्तानात, चाबहारजवळच्या किनाऱ्यावर, २०१० मध्ये आयर्लंडच्या ईस्की ब्रिटन यांनी अंगभर कपड्यांत लाट घेतली आणि नंतर तिथल्या इराणी मुलींना शिकवलं. कपडे हा अडथळा असता तर यांतलं काहीच घडलं नसतं.

आपल्या देशातही हे दूरचं राहिलेलं नाही. कर्नाटकात मंगळूरजवळच्या मुल्की इथं एका आश्रमाच्या आसऱ्यानं मंत्र सर्फ क्लब सुरू झाला. २००७ च्या सुमारास मुंबईची इशिता मालवीय शिक्षणासाठी मणिपालला गेली असताना तिला हा खेळ भेटला. आज ती देशातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखली जाते. तिनं आणि तुषार पथियन यांनी उडुपीजवळच्या कोडी बेंगरे या मासेमारांच्या गावात शाका सर्फ क्लब काढला आणि गावातल्या मुलांना पाण्यात उतरवलं. मुल्कीच्याच तन्वी जगदीशनं उभं राहून वल्हवायच्या फळीवर देशाचं प्रतिनिधित्व केलं. समुद्राकाठी जन्मूनही घरून पाण्याची बंदी, हा अनुभव या किनाऱ्यांवरच्या मुलींच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येतो. समुद्रावर पोट असलेल्या वस्त्यांमध्येसुद्धा होडी पुरुषाची आणि टोपली बाईची, अशी वाटणी झालेली असते. आपल्या कोकणातली कोळीण बाजार चालवते, भाव ठरवते, घराचा हिशोब सांभाळते, आणि तरीही समुद्र तिच्या नवऱ्याचा असतो.

भारतीय मुलींनी ही वाटणी मोडल्याची उदाहरणं थोडी असली तरी ठसठशीत आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुंबईची डॉली नझीर आणि कोलकात्याची आरती साहा या दोघी पोहल्या. आरतीनं १९५९ मध्ये, पहिला प्रयत्न फसल्यावर, इंग्लिश खाडी पार केली आणि असं करणारी ती पहिली आशियाई महिला ठरली. १९९४ मध्ये मुंबईच्या रूपाली रेपाळेनं शाळकरी वयात तीच खाडी पार केली, तेव्हा महाराष्ट्रभर तिचं कौतुक झालं होतं. जन्मापासून दृष्टी नसलेल्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. त्या विदर्भातल्या. गोव्यात बांधलेली तारिणी ही शिडाची बोट घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१८ मध्ये गोव्याला परतल्या. मालवणला चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धांत आता महाराष्ट्रभरच्या मुली मुलांच्या बरोबरीनं उतरतात.

कुस्तीचं उदाहरण आपल्या जिल्ह्याला जास्त जवळचं आहे. महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये सुरू झाली आणि महिला महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल यावं लागलं. सांगलीत प्रतीक्षा बागडीनं ती पहिली गदा उचलली. बासष्ट वर्षं लागली, पण त्यानंतर गावोगावच्या तालमींचे दरवाजे मुलींसाठी उघडायला वेळ लागला नाही. लंगोट आणि लाल माती ज्यांची मक्तेदारी होती, त्या वस्तादांनीच पुढं होऊन पोरींना डाव शिकवले. तांबड्या मातीत जे झालं ते पाण्यात का होऊ नये?

या खेळाची रीत नीट पाहिली तर आपलं काम कुठून सुरू होतं तेही कळतं. समुद्रात खूप दूरवर वादळी वाऱ्यानं पाण्याला हेलकावा मिळतो आणि तो शेकडो किलोमीटर प्रवास करून किनाऱ्याकडं येतो. उथळ जागी तळ लागला की तो उंच उठतो आणि पुढं कलंडतो. फळीवर पालथं पडलेली मुलगी दोन्ही हातांनी पाणी मागं सारत वेग घेते, लाटेनं फळी उचलली की छातीखाली हात रोवून एका झटक्यात पायांवर येते. फळी घोट्याला पट्ट्यानं बांधलेली असते. हा पट्टा तुटला की फळी एकीकडं आणि मुलगी दुसरीकडं, आणि मग किनाऱ्यापर्यंत यायचं ते स्वतःच्या हातपायांच्या बळावर. म्हणून चांगली शाळा फळी हातात द्यायच्या आधी पोहता येतं का ते पाहते. सर्फिंगचं सगळं दिमाखदार जग या एका जुन्या विद्येवर उभं आहे, आणि ती विद्या श्रीगोंद्याच्या विहिरीतही शिकता येते.

इथं हा विषय हौसेचा उरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार देशात दरवर्षी ३५ हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. २०२१ मध्ये जगभरात तीन लाख माणसं बुडाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवावी, असं ही संघटना ठामपणे सांगते. आपल्या भागात शेततळ्यांनी नवा धोका आणला आहे. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, दुष्काळी शिवाराला तिचा मोठा आधार झाला, लिंबाच्या बागा त्यावर जगल्या. पण शेततळ्याला टाकलेला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूससुद्धा उतारावरून वर येऊ शकत नाही. मग हंडा भरायला किंवा कपडे धुवायला गेलेली पोरगी घसरते, तिला धरायला आई उतरते, तिच्यामागून बहीण, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मायलेकींची एकत्र बातमी येते. अशा बातम्या मराठी वाचकानं किती वाचल्या असतील त्याला गणती नाही. पाण्याचं रोजचं काम जिच्यावर सोपवलं, तिलाच आपण पोहणं शिकवलं नाही.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. तालुक्यातल्या प्रत्येक शेततळ्याला तारेचं कुंपण हवं, आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर पाण्यात सोडून वर खुंटाला पक्के बांधलेले हवेत. दोन हवा भरलेल्या ट्यूब काठावर हव्यात. हा खर्च कागदाच्या खर्चापुढं काहीच नाही. अनुदान देताना या दोरांची अट घालावी, फोटोशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. वाहत्या कालव्यात आवर्तन चालू असताना कुणीही शिकायला उतरू नये, तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ऐकत नाही. शिकायचं ते बांधीव, पायऱ्या असलेल्या विहिरीत किंवा तलावात, आणि कंबरभर पाण्यापासून. अंगात घट्ट बसणारे कपडे घालावेत, ओढणी काठावर ठेवावी. जिथं जलतरण तलाव आहे तिथं मुलींसाठी संध्याकाळची सोयीची वेळ राखावी, दुपारी बाराची भर उन्हातली नव्हे. शिकवायला बाई हवी, निदान सुरुवातीला, म्हणजे घरची माणसं निर्धास्त राहतील. साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था या तालुक्यात मोठ्या आहेत. कुस्तीच्या हंगाम्यावर जेवढा खर्च होतो त्याचा थोडा वाटा मुलींच्या जलतरणासाठी काढणं त्यांना जड नाही.

आठवी-नववीतल्या मुलींना वर्षातून एकदा सहलीला कोकणात नेलं जातं. तिथं बहुतेक वेळा शिक्षक त्यांना घोट्याच्या वर पाणी लागू देत नाहीत, आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांच्याबाबत ते बरोबरच आहे. पोहता येणारी मुलगी तारकर्लीला गेली, तर तिथल्या प्रशिक्षकाच्या हाती तिला सोपवता येईल. अशा मुलींपैकी एखादी फळीवर उभी राहील, एखादी खोल पाण्यात बुडी मारायला शिकेल, एखादी पुढं नौदलात किंवा सागरी विज्ञानात जाईल. बाकीच्या नुसत्या मनसोक्त पोहून परत येतील, आणि तेवढंही पुष्कळ झालं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्या घरातून मुलाला पोहायला नेलं जाईल, त्या घरानं यंदा मुलीलाही बरोबर न्यावं. भीमाकाठच्या, घोडकाठच्या गावांत पोहता येणाऱ्या काकू आणि आज्या आहेत. लहानपणी भावांच्या मागं लपून शिकलेल्या, नंतर कधीच पाण्यात न उतरलेल्या. त्यांना माझी विनंती आहे. ग्रामपंचायतीत जाऊन सांगा की आम्ही शिकवतो, आम्हाला एक पायऱ्यांची विहीर, चार ट्यूब, दोर आणि सकाळचे दोन तास द्या. शाळेत मुलींची नावं घ्यायला उद्याच सुरुवात करा, आणि यादीत कोणत्याही वस्तीतली मुलगी मागं राहू देऊ नका.